कवळी, दात आणि आपली म्हातारी माणसं : वृद्धाश्रमातील ज्येष्ठांच्या तोंडाची निगा

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींतल्या मराठी घरांत अलीकडे एक बदल झपाट्याने झाला आहे. मुलं-मुली शिक्षणासाठी नागपूरला जातात, पुढे पुणे-बंगळुरूला स्थायिक होतात आणि गावातल्या घरात आजी-आजोबा दोघंच, पुष्कळदा एकटेच, उरतात. कुणी पगारी बाई ठेवतं, कुणी भावाच्या घरी सोय करतं, तर कुणाला वृद्धाश्रमाचा पर्याय घ्यावा लागतो. त्यात कमीपणा मानण्याचं कारण नाही. पण माणूस दुसऱ्याच्या हाती सोपवला की काही गोष्टींवर लक्ष ठेवणं आपलंच काम उरतं. औषधं, कपडे, चष्मा, पैसे यांची चौकशी आपण करतो. तोंडात काय चाललं आहे, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

मंडळातल्या काही जणांनी मागे दिवाळीचा फराळ घेऊन शेजारच्या जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमात जायचं ठरवलं. चिवडा, चकल्या, शंकरपाळे, लाडू, सगळं मनापासून केलेलं. ताटं वाटून झाल्यावर लक्षात आलं की बहुतेकांनी लाडवाचा तुकडा तेवढा मोडला, बाकी ताट तसंच ठेवलं. एका आजीला विचारलं तर म्हणाल्या, “भूकच नाई वं माय.” त्यांच्याजवळ बसून दोन गोष्टी केल्यावर पदराच्या गाठीतून कवळी निघाली. “हे माही नाई. हे टोचते मले.” नंतर कळलं, तिथे रोज रात्री सगळ्यांच्या कवळ्या एकाच गंजात भिजत घालत आणि सकाळी अंदाजाने वाटत. आजींची कवळी दुसऱ्याच कुणाच्या तोंडात होती. किती दिवसांपासून, ते कुणालाच सांगता आलं नाही. काम करणाऱ्या बाया मायाळू होत्या, पण त्यांना हे काम कुणी शिकवलंच नव्हतं.

त्या दिवशी परतताना आम्ही ठरवलं की या विषयावर एक साधं, वापरता येईल असं टिपण मंडळाच्या पानावर असावं. घरी म्हाताऱ्या माणसांचं करणाऱ्यांनाही ते उपयोगी पडेल.

तोंडाचा आजार तोंडापुरता राहत नाही

पहिला परिणाम खाण्यावर. कवळी टोचते किंवा सैल झाली की माणूस आधी भाकरी सोडतो, मग पोळी, मग पालेभाजी, शेंगदाणे, फळं. संत्र्याच्या या मुलखात राहून संत्र्याची फोड चावता येत नाही म्हणून बाजूला सारणारी म्हातारी माणसं आम्ही पाहिली आहेत. शेवटी चहात बुडवलेलं बिस्कीट आणि पातळ वरण-भात एवढंच उरतं. वजन उतरतं, अंगातली ताकद जाते, आणि घरचे म्हणतात, “वयच झालं आता.”

दुसरा परिणाम फुप्फुसांवर. दातांवर, जिभेवर आणि कवळीवर जंतूंचा चिकट थर साचतो. म्हाताऱ्या, अशक्त माणसाच्या गिळण्यात दोष असेल तर झोपेत किंवा खाताना थुंकीबरोबर ते जंतू श्वासनलिकेत उतरतात आणि न्यूमोनिया होऊ शकतो. जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या तोंडाची रोज नीट स्वच्छता केली गेली त्यांच्यापैकी ११ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला. ज्यांची तशी काळजी घेतली गेली नाही त्यांच्यात हे प्रमाण १९ टक्के होतं. पुढच्या सर्वच अभ्यासांत एवढा फरक दिसलेला नाही, पण स्वच्छतेचा सल्ला डॉक्टर आजही देतात. जपानमध्येच ८५ वर्षांवरच्या ५२४ लोकांवर झालेला दुसरा अभ्यास २०१५ साली आला. कवळी तोंडात ठेवून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका सुमारे दुपटीहून अधिक आढळला. “रात्री कवळी काढा” हा सल्ला त्यामुळे गंभीरपणे घ्यायचा आहे.

तिसरा परिणाम साखरेवर. हिरड्यांचा आजार आणि मधुमेह एकमेकांना वाढवतात. साखर वाढली की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखर आटोक्यात येणं अवघड होतं.

चौथी गोष्ट मोजता येत नाही. दात नसलेला माणूस बोलायला लाजतो, फोटोत तोंडावर हात धरतो, पंगतीत बसणं टाळतो. शब्द नीट उमटत नाहीत म्हणून समोरचा पुन्हा पुन्हा “काय?” म्हणतो, आणि हळूहळू बोलणंच कमी होतं.

स्वतःचे दात असतील तर

म्हातारपणी दात पडायचेच, हा समज चुकीचा आहे. जपानने १९८९ साली एक मोहीम सुरू केली : ८० व्या वर्षी तोंडात स्वतःचे किमान २० दात. एवढे दात असले तर बहुतेक पदार्थ चावून खाता येतात, हा त्यामागचा विचार.

- दिवसातून दोनदा, मऊ केसांच्या ब्रशने आणि फ्लोराइड असलेल्या टूथपेस्टने दात घासावेत. रात्री झोपण्यापूर्वीचं घासणं अधिक महत्त्वाचं.
- वयानुसार हिरड्या मागे सरकतात आणि दातांची मुळं उघडी पडतात. कीड आता तिथे लागते. म्हणून ब्रश हिरडीच्या कडेपाशी हलक्या हाताने फिरवावा.
- बोटांत संधिवात असेल तर ब्रशची मूठ धरवत नाही. मुठीवर कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड करावी, किंवा सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसवावी.
- राखुंडी, कोळसा, विटेची पूड यांनी दात झिजतात. कडुलिंबाच्या काडीची सवय असेल तर ती तोडायला कुणी सांगत नाही, पण उघड्या मुळांवर काडी जोराने घासू नये आणि रात्रीचा ब्रश चुकवू नये.
- जीभही हलक्या हाताने साफ करावी.

तोंड कोरडं पडणं ही वृद्धांची मोठी तक्रार असते. रक्तदाब, नैराश्य, झोप, ॲलर्जी यांवरच्या अनेक औषधांनी लाळ कमी होते. लाळ कमी म्हणजे कीड जास्त आणि कवळीची पकडही कमी. औषध स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना सांगावं. दिवसभर थोडं थोडं पाणी प्यावं आणि गोड गोळ्या चघळत बसू नये.

कवळीची निगा

कवळी म्हणा, बत्तिशी म्हणा; आपल्याकडे दोन्ही शब्द चालतात. ती बहुधा ॲक्रिलिक नावाच्या प्लास्टिकची असते. काचेसारखी दिसली तरी ती दगडासारखी टणक नाही. तिच्यावर ओरखडे उठतात, त्यांत जंतू आणि बुरशी घर करतात.

- प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि तोंडही खळखळून धुवावं.
- दिवसातून एकदा मऊ ब्रश आणि साध्या साबणाने आतून-बाहेरून घासावी, मग भरपूर पाण्याने साबण काढावा. टूथपेस्ट आणि दंतमंजन खरखरीत असतात, ते कवळीला लावू नयेत. राख तर मुळीच नाही.
- धुताना खाली पाण्याने भरलेली बादली किंवा जाड टॉवेल ठेवावा. कवळ्या सर्वाधिक फुटतात त्या मोरीच्या फरशीवर हातातून निसटून.
- उकळतं किंवा कडक गरम पाणी वापरू नये. कवळी वाकडी होते आणि पुन्हा बसत नाही.
- रात्री कवळी काढावी. हिरड्यांना विश्रांती मिळते. काढलेली कवळी झाकणाच्या डबीत, साध्या पाण्यात बुडवून ठेवावी. कोरडी पडली की तिचा आकार बदलू शकतो. पाणी रोज बदलावं.
- कवळी साफ करण्याच्या गोळ्या मिळतात. त्या डबीतल्या पाण्यात टाकायच्या असतात. विसर पडण्याचा आजार असलेल्या माणसाच्या हाताशी त्या ठेवू नयेत. औषध समजून गिळली जाते. गोळीच्या पाण्यातून काढलेली कवळी धुतल्याशिवाय तोंडात घालू नये.
- कपडे धुण्याचं ब्लीच दंतवैद्याला विचारल्याशिवाय वापरू नये. कवळीला धातूच्या तारा असतील तर ते त्यांना खातं.
- कवळी काढल्यावर हिरड्या, टाळू आणि जीभ ओल्या मऊ कापडाने किंवा ब्रशने पुसून घ्यावी. “दातच नाहीत तर घासायचं काय?” हा प्रश्न आम्हाला अनेकदा ऐकू आला. त्याचं उत्तर हे आहे.

कवळीखालचा टाळू लालभडक दिसला तर तिथे बहुधा कॅन्डिडा नावाची बुरशी वाढलेली असते. दुखतंच असं नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ओठांचे कोपरे फाटून चिघळणं हेही तिचं एक लक्षण. रात्रंदिवस कवळी घालणं आणि ती अस्वच्छ असणं ही त्याची नेहमीची कारणं. दंतवैद्याला दाखवावं, नुसत्या मलमाने, कवळी साफ न करता, ते परत येतं.

सैल झालेल्या कवळीचं काय? दात काढल्यानंतर जबड्याचं हाड झिजत जातं, पहिल्या वर्षी सर्वात वेगाने. वजन उतरल्यावरही कवळी सैल होते. दंतवैद्य जुन्या कवळीला आतून नवा थर देऊन ती बसती करू शकतात. दर वेळी नवी करावी लागत नाही. घरी कानस घेऊन घासणं किंवा फुटलेली कवळी फेविक्विकने चिकटवणं टाळावं. तुकडे जपून ठेवावेत, बहुतेकदा दुरुस्ती होते.

कवळीवर नाव

वृद्धाश्रमात हे सर्वात आधी करावं. नवी कवळी करताना दंतवैद्याला सांगितलं तर ते आत नाव घालून देतात. जुन्या कवळीवरही ते करता येतं : कवळी धुऊन कोरडी करावी, मागच्या बाजूला गालाकडच्या पृष्ठभागाचा छोटासा भाग बारीक पॉलिश पेपरने हलका खरखरीत करावा, पेन्सिलीने नाव लिहावं आणि वर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत. पूर्ण वाळल्यावर धुऊन मगच वापरावी. नाव पुसट झालं की पुन्हा लिहावं. डबीवरही नाव असावं. वर सांगितलेल्या आजींची अडचण एवढ्याने टळली असती.

दवाखान्यात नेताना कवळी रुमालात, उशीखाली किंवा जेवणाच्या ताटात ठेवू नये. हरवलेल्या कवळ्या बहुधा धुण्यात किंवा उष्ट्यात जातात. डबी बरोबर न्यावी.

अंथरुणाला खिळलेले आणि विसर पडणारे

अंथरुणावरच्या माणसाला पाठीला उशा देऊन शक्य तितकं बसतं करावं. बसवता येत नसेल तर कुशीवर वळवावं. उताणं झोपवून तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. ब्रशवर पेस्ट वाटाण्याएवढीच घ्यावी आणि फेस ओल्या कापडाने टिपत राहावं. दात असलेल्या माणसाच्या दातांमध्ये बोट घालू नये, चावा बसतो. हलणारा दात दिसला तर लवकर दंतवैद्याला कळवावं, तो निसटून घशात जाण्याची भीती असते. ओठ कोरडे असतील तर त्यांना ओलावा द्यावा.

डिमेन्शियाच्या माणसाचं तंत्र वेगळं. तो तोंड घट्ट मिटतो, हात झटकतो, कधी शिव्याही देतो. त्याला काय चाललंय ते कळत नाही, म्हणून तो घाबरलेला असतो. समोरून, त्याच्या नजरेच्या पातळीवर यावं, नाव घेऊन बोलावं, एका वेळी एकच सूचना द्यावी. आरसा समोर धरावा. दुसरा ब्रश त्याच्या हातात द्यावा, किंवा त्याच्या हातावर आपला हात ठेवून सुरुवात करून द्यावी. पुष्कळदा जुनी सवय जागी होते. नाहीच ऐकलं तर अर्ध्या तासाने पुन्हा पाहावं. जबरदस्ती केली की दुसऱ्या दिवशी काम दुप्पट अवघड होतं.

इथे भाषेचाही भाग आहे. आपल्या भागातल्या सगळ्यांना हिंदी येतं, पण असा आजार वाढला की माणसं पुष्कळदा लहानपणीच्या बोलीकडे परततात. “मुँह खोलिए” याला दाद न देणारे आबाजी “आ करा बरं, आबा” म्हटल्यावर तोंड उघडतात. वृद्धाश्रमातल्या कर्मचाऱ्यांना आपल्या माणसाचे दहा-बारा शब्द कागदावर लिहून द्यावेत : दुखते, टोचते, हिरडी, दाढ, चूळ भरा, थुंका. त्यांचं आणि आपल्या माणसाचं, दोघांचंही काम सोपं होतं.

खर्रा, मिश्री, गुडाखू

यावर स्पष्ट लिहायला हवं. दातांच्या मंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर भारतात १९९२ साली बंदी आली, तरी मिश्री आणि गुडाखूची सवय जुन्या बायांमध्ये अजून आहे. खर्रा तर नागपूरपासून आपल्यापर्यंत पानठेल्या-पानठेल्यावर घोटला जातो. सुपारी-तंबाखूने गालाची आतली त्वचा कडक होते आणि तोंड उघडणं कमी होत जातं. अशा माणसाच्या कवळीचं माप घेणंही कठीण होतं. पुढचा धोका कर्करोगाचा.

वृद्धाश्रमात भेटीला जाताना “बुढ्याची आवड आहे” म्हणून खर्ऱ्याची पुडी नेणारे नातेवाईक असतात. कृपा करून नेऊ नका. आणि एक नियम लक्षात ठेवा : तोंडातली कोणतीही जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ दोन आठवड्यांत बरी झाली नाही तर थेट डॉक्टरांकडे. कवळी लागून झालेली असेल असं म्हणत महिने घालवू नयेत.

भेटीला जाल तेव्हा

पोळा-गोटमारीला आणि दिवाळीला गावी येणारी मंडळी आपल्या वृद्धांना भेटतातच. त्या भेटीत पाच मिनिटं एवढ्यासाठी द्यावीत. परवानगी घेऊन, उजेडात, तोंडात पाहावं : ओठांचे कोपरे, जीभ, हिरड्या, कवळीखालचा टाळू. वास येतो का, काही दुखतं का, कवळी कुणाची आहे. मग कर्मचाऱ्यांना शांतपणे विचारावं :

१. तोंडाची स्वच्छता रोज कोण करतं, आणि ते कुठे लिहिलं जातं का?
२. प्रत्येकाचा ब्रश आणि कवळीची डबी वेगळी, नाव घातलेली आहे का?
३. रात्री कवळी काढली जाते का?
४. दंतवैद्य कधी येतात किंवा नेतात?
५. खाणं कमी झालं तर तोंड तपासलं जातं का?

हे प्रश्न उलटतपासणीच्या सुरात विचारू नयेत. तिथे दोन बायांकडे पंधरा-वीस जणांचं काम असतं. रिकाम्या हाताने प्रश्न विचारण्यापेक्षा मऊ ब्रश, डब्या आणि एक मार्कर घेऊन जाणं बरं. फळांच्या करंड्या सगळेच नेतात. फराळ न्यायचाच तर मऊ न्यावा : रव्याचा लाडू, मऊ शिरा, मुगाचं कढण, संत्र्याचा रस, दुधात कुस्करलेली पुरणपोळी. गोड खाल्ल्यावर चूळ भरायला पाणी द्यावं.

सोयी आणि योजना

५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यात राज्य सरकारांनी गरजू वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात, किमान १५० जणांची सोय असलेलं निवासस्थान उभारण्याची तरतूद आहे. नवा जिल्हा झाल्यावर आपण लोकप्रतिनिधींकडे मागण्यासारखी ही गोष्ट आहे.

केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना १ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली. ६० वर्षांवरच्या, दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची यांबरोबर कवळीही विनामूल्य देण्याची तरतूद तिच्यात आहे. वाटप शिबिरांतून होतं. शिबिराची चौकशी जिल्ह्याच्या सामाजिक न्याय विभागात करावी. नागपूरचे नातेवाईक सांगतात ती ३,००० रुपयांची मुख्यमंत्री वयोश्री योजना महाराष्ट्र सरकारची आहे आणि तिथल्या रहिवाशांसाठी आहे. दोन्हींची गल्लत होते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशभरची मोफत मदतवाहिनी आहे. हेळसांड होत असेल तर तिथे कळवता येतं.

कवळी करायला नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात आपल्याकडचे बरेच जण जातात. पूर्ण कवळीसाठी चार-पाच फेऱ्या होतात, हे धरूनच निघावं. जुनी कवळी आणि चालू औषधांची यादी न्यावी. रक्त पातळ करणारी किंवा हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं चालू असतील तर दात काढण्यापूर्वी आवर्जून सांगावं. ती आपल्या मनाने थांबवू नयेत.

“दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत” ही म्हण आपण हसत वापरतो. ज्यांनी आपल्याला घास भरवले, त्यांच्या बाबतीत ती खरी ठरू द्यायची की नाही, हे मात्र पुष्कळसं आपल्या हातात आहे.

त्या आजींची कवळी शेवटी सापडली. पलीकडच्या खोलीतल्या आजींकडे होती, आणि त्यांनाही ती टोचतच होती. दोघींच्या कवळ्या उकळून गार केलेल्या पाण्याने आणि साबणाने धुतल्या, डब्यांवर नावं घातली. पुढच्या भेटीला आम्ही गेलो तेव्हा आजी ताटात भाकरी घेऊन बसल्या होत्या. दुधात मोडलेली नव्हती, तव्यावरची तशीच. आम्हाला पाहून म्हणाल्या, “ठेचा आणला का नाई?”